तोंडाला फासलेली माती

मी अमरावतीचा. माझ्या पहिल्या, तुटपुंज्या बजेटच्या सिनेमाचं शूटिंग अकोटजवळच्या एका शेतात चालू होतं. कॅमेरामन, वेशभूषाकार सगळे मुंबईचे, कसलेले. नायकाच्या आईच्या कामासाठी मात्र मी त्या शेताच्या मालकीणबाईंनाच तयार केलं होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत.

सकाळी मावशी आपली निळी सुती साडी नेसून, केस नीट विंचरून आल्या. वेशभूषाकार बाईंनी त्यांना खालीवर पाहिलं, काळी माती भिजवली आणि त्यांच्या गालांना, पदराला फासली. ऊन चढेल या धास्तीने मी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

"हे कावून?" मावशींनी विचारलं.

"शेतातली बाई इतकी स्वच्छ दिसत नाही, मावशी. प्रेक्षकांना पटणार नाही."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी रोज आंघोळ करूनच वावरात येतो. तोंडाले माती फासून कोन येते?"

मागे कोणीतरी हसलं आणि माझं डोकं फिरलं. आमची माणसं पडद्यावर कायम अशीच मळकट दाखवली जातात, आणि आता माझ्याच सिनेमात, माझ्यादेखत तेच चाललं होतं. मी शूटिंग थांबवून मावशींना तोंड धुऊन, साडी बदलून यायला सांगितलं.

"आमचा अनुभव जास्त आहे," वेशभूषाकार बाई म्हणाल्या.

"वावराचा नाही," मी म्हणालो. त्या रागाने गाडीत जाऊन बसल्या.

मावशी परतल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कॅमेरामन कुरकुरला, पण शॉट झाला. दुपारी मावशींनी त्या बाईंसाठी गाडीत जेवणाचं ताट पाठवलं. मला त्याचाही रागच आला.