मामांसाठी जाड कर्सर

माझी धाकटी जाऊ अक्कलकोटची, आणि सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्यांचं, माहेरही अक्कलकोटच. त्यामुळं स्वयंपाकघरात दोघींचं कन्नड सुरू झालं की मी लसूण सोलत गप्प बसते. मी बार्शीची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं कन्नड 'बा इल्ली' म्हणजे 'इकडं ये' याच्या फारसं पुढं सरकलेलं नाही. त्या दोघी हसतात तेव्हा मला हसत नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मिरची झोंबायची ती झोंबतेच.

हे मी चालवून घेत होते, कारण घरातलं कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. टीव्हीचा रिचार्ज, गॅसचं बुकिंग, सासूबाईंच्या फोनमधले हरवलेले फोटो, सगळं माझ्याकडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामा, माझे सासरे. त्यांनी उभी हयात कापडाचे गठ्ठे घेऊन करमाळा, माळशिरस असे आठवडी बाजार केले. आता त्या बाजारांविषयी ते लिहितात. टाइप करायला मी शिकवलं. दुपारचा चहा झाला की ते माझ्या लॅपटॉपसमोर बसायचे, कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एडिटरचं नाव टाइप करायचे आणि तो उघडला की माझ्याकडं बघून मान डोलवायचे. एडिटर म्हणजे नुसतं लिहिण्याचं साधं सॉफ्टवेअर. आमचा फुकट मिळणारा होता, आणि त्याचा आतला कोडही कुणालाही वाचता, बदलता येईल असा उघडा. मामांच्या त्या मान डोलवण्यावर माझा अख्खा दिवस चांगला जायचा.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कर्सर दिसेना. आपण कुठं लिहितोय हे दाखवणारी ती लुकलुकणारी उभी रेघ. ती केसासारखी बारीक. अक्षरं मी मोठी करून दिली, पण रेघ जाड करायची सोय काही सापडेना. सगळी सेटिंग्ज पालथी घातली आणि शेवटी म्हटलं, "चष्म्याचा नंबर परत बघू या, मामा."

जेवताना धाकटी म्हणाली, "सेटिंगमधी न्हाय ते. पण आतल्या सोर्स कोडमधी कुटंतरी रेघेची जाडी लिवलेली आसंल की. तेवडी बदलायची आन् एडिटर पुन्यांदा बांधून घ्यायचा. माझा मीच बांधलाय, जाड रेघेचा."

ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दुसऱ्या दिवशी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की आमच्या धाकटीनं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बनवलं कुठं? दुसऱ्यांनी लिहिलेला कोड उतरवून घेतला आणि कंपाईल केला, म्हणजे त्याचं चालणारं सॉफ्टवेअर करून घेतलं, एवढंच. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. पण खरं दुखणं तेच होतं. मी फळ्यावरच शिकवत आले होते. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरला मी कधी हात लावला नव्हता, नेहमी तयार पॅकेज घेऊन मोकळी व्हायचे.

मामा धाकटीला म्हणाले, "मग तुझ्या टेबलाला बसू का थोडे दिवस?"

"कशाला?" मी मध्येच म्हटलं. "रविवारी मी करते. माझ्याच लॅपटॉपवर."

रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी कामाला लागले. कोड उतरवला. जाडीचा आकडा शोधायला वेळ लागला, पण सापडला. एक होता, चार केला. मग बांधायला घेतलं तर ही लायब्ररी नाही, ती लायब्ररी नाही, म्हणजे त्याला लागणारे तयार कोडचे तुकडे. एक आणून द्यावी तर दुसरी मागायची. भिंतीपलीकडं धाकटी बसली होती. एक हाक मारली असती तर तिनं चटकन सांगितलं असतं. ती हाक मारण्यापेक्षा मी लॅपटॉप फोडला असता. शेवटी एकदाच्या स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या. ऐन उन्हाळा, त्यात लॅपटॉप तापून हात लावू देईना, म्हणून तो शहाबादी फरशीवर ठेवला आणि मी शेजारी मांडी घालून बसले. एकही एरर न येता काम संपलं तेव्हा एकटीच हसले.

जुना एडिटर मी काढला नाही. नव्यासाठी वेगळा फोल्डर केला, त्यात तो इन्स्टॉल केला, आणि कॉम्प्युटर ज्या जागांमध्ये सॉफ्टवेअर शोधतो त्यांच्या यादीत हा फोल्डर शेवटी जोडला. कॉलेजातल्या मुलांनाही मी हेच सांगते, जुन्याला धक्का लावू नका, नवीन शेवटी जोडा.

संध्याकाळी मुद्दाम सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मामांनी नाव टाइप केलं. एडिटर उघडला. रेघ तशीच, केसासारखी.

मामा पुढं वाकले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दिसतंय की आता. लई बरं झालं."

ते माझं मन राखत होते. धाकटी चहा घेऊन आली होती. तिनं स्क्रीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

स्वयंपाकघरात ती माझ्यामागं आली. "अक्का, तुमचं काम बरोबर झालंय. नवा एडिटर तयार हाय. पण हाक मारली की जुनाच येतोय."

मी लसूण सोलायला बसले.

"तुमी नवी जागा यादीत शेवटी लिवली आसंल. मशीन पयल्या जागंपासनं बघत येतं आन् त्या नावाचा कोण भेटला की थांबतं. नव्यापर्यंत जातच न्हाय."

हेसुद्धा मी शिकवते. "तुला सगळंच कळतं," मी म्हटलं, आणि ते जितकं वाईट निघायचं तितकं निघालं.

ती ओटा पुसत होती. "हे कळतं, अक्का. रोज बघते की. मामांना गोळी पायजे, आत्यांना कपाटाची किल्ली सापडत न्हाय, मी म्होरं उभी आसले तरी हाक 'थोरले'. आत्या माझ्यासंगं कन्नडमधी हसतात, बोलतात. पण किल्ली कुटं आसती ते मला आजून ठावं न्हाय." मग फडकं पिळता पिळता म्हणाली, "लई जळते मी तुमच्यावर."

खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. माझ्यावरही कुणी जळतं. मग तिच्या हातातल्या फडक्याकडं लक्ष गेलं. ते केव्हाच पिळून झालं होतं, तरी ती पिळत होती. मी उठून लॅपटॉपकडं गेले.

यादीतली नवी जागा उचलून पहिली केली. मामांनी परत नाव टाइप केलं आणि रेघ आली, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. त्यांनी बोटानं स्क्रीनला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "कुणी केलं?"

"मी बांधला," मी म्हटलं. ते खरंच होतं. बाकीचं मी सांगितलं नाही. धाकटी दारात उभी होती, तिनंही सांगितलं नाही.

दोन-चार दिवसांनी मी भाकऱ्या करत होते, हात पिठात. धाकटी पलीकडं भाजी निवडत होती. हॉलमधून मामांनी हाक मारली, "थोरले, हे काय झालं बघ गं. सगळं लिहिलेलं गेलं."

माझ्या तोंडात 'आले' आलं होतं. धाकटी हलली नाही. आपल्यासाठी हाक नाही हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तिनं मानही वर केली नाही. दुसरी हाक आली, तीही 'थोरले' अशीच.

"तू जा," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हात पुसून गेली. मी तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं. ती भाकरी उलटेपर्यंत बाहेरून मामांचा आवाज आला, "आलं की गं परत! हे कुटलं बटण दाबलंस, धाकटे?" आणि दोघंही हसले.

मला ते मुळीच आवडलं नाही. पण मी जागची उठले नाही.