पाचव्या वर्षी सोडलेली पलटण

दुबईला निघालो त्या सकाळी अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. आईनं हातावर दही घातलं. बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. आमचे आप्पा, फौजेतले निवृत्त हवालदार, इस्त्रीचा सदरा घालून दारात ताठ उभे होते. शेजारच्या तात्यांनी विचारलं, पलटणीचं काय करणार रे आता? मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "परवानगी घेऊन चाललाय. बोलावलं की येईल." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

खरं म्हणजे आठ दिवसांपूर्वीच मी पलटण सोडली होती. आमची राखीव पलटण. वर्षातले दोन महिने वर्दी, बाकीचे दहा महिने आपापली नोकरी, आणि गरज पडली की हातातलं टाकून हजर व्हायचं. सात वर्षांचा शब्द देऊन भरती झालो आणि पाचव्या वर्षी सुटकेचा अर्ज केला. दरवर्षी दोन महिने गायब होणारा वायरमन कुठल्याच कारखान्याला नको होता. दोन नोकऱ्या गेल्या, तिसरीकडं मुलाखतीतच नको म्हणाले. तेवढ्यात दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामातून व्हिसा आला. अर्जात कारण लिहिलं, घरगुती अडचण. साहेबांनी एकदाच विचारलं, अजून दोन वर्षं कळ काढता येणार नाही का. मी नाही म्हणालो. बूट, घोंगडी, ओळखपत्र जमा केलं, सही केली. दत्ता गेटपर्यंत सोडायला आला. शेजारच्या गावचा, पाच वर्षं एका तंबूत झोपलेला माझा जोडीदार. तो काहीच बोलला नाही, आणि मला त्याचाच राग आला.

आमच्या गावात घरटी एक फौजी. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल.) कुणी निवृत्त होऊन आला की वेशीवर बँड लागतो, बायका ओवाळतात, वाजतगाजत घरी आणतात. मुदत संपायच्या आत कुणी आपण होऊन परत आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. आप्पांना ते चारचौघांत सांगता येईना, म्हणून परवानगी म्हणाले. मी तिथंच खोडून काढायला हवं होतं. पण टॅक्सी दारात उभी होती, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मलाही बरं वाटलं.

पहिलं वर्ष कामगारांच्या कॅम्पात काढलं. मग बायको-मुलीला आणलं आणि इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत दुसऱ्या कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेतला. पहाटे कंपनीची बस, दिवसभर गोदामातल्या केबल्स आणि पॅनेल. इथं दुबईत कामाला आलेल्या तुम्हा सगळ्यांसारखंच. तुम्हीही काही ना काही सोडून आलात, म्हातारी आई, शेत, अर्धवट बांधलेलं घर. ते जेवताना बोलता येतं. माझं कुणाला सांगता येत नव्हतं.

माझी सात वर्षं भरायला तीन महिने उरले होते, तेव्हा सीमेवर तणाव वाढला आणि पलटणीला बोलावणं आलं. दत्ताचा निरोप मी गोदामात, शिडीवर उभा राहून ऐकला. त्यात एवढंच होतं, "निघालोय. काळजी घे." आमचा पठाण फोरमन खालून म्हणाला, "क्या हुआ भाई? यल्ला, नीचे आओ, पानी पियो." मी खाली उतरलो आणि पलटणीच्या ऑफिसला फोन लावला. आलो तर घ्याल का, विचारलं. क्लार्कनं फार नीट उत्तर दिलं. म्हणाला, तुमचं नाव आता यादीत नाही. घरी बातम्या चालू होत्या. मुलीनं विचारलं, "बाबा, आर यू गोइंग?" नाही म्हणालो. "व्हाय?" बायकोनं टीव्ही बंद केला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला, दबक्या आवाजात. लोक आप्पांना विचारायला आले होते. आप्पांनी सांगितलं, तो काल विमानानं उतरला आणि परस्पर पलटणीत गेला. गावानं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? आप्पा कधी खोटं बोलल्याचं गावाला माहीत नाही. बायकांनी येऊन आईची ओटी भरली. माझ्या नावानं देवळात अभिषेक झाला. पंचायतीनं आप्पांना शाल-श्रीफळ दिलं, फेटा बांधला. त्यांनी तो बांधून घेतला.

चार महिन्यांनी पलटण परतली. दत्ता आप्पांना भेटायला गेला, तर तिथं तात्या बसलेले. त्यांनी विचारलं, आमचा पोरगा कधी येणार? दत्तानं एकदा आप्पांकडं पाहिलं आणि म्हणाला, त्याला अजून तिकडंच ठेवून घेतलंय. त्या संध्याकाळी मला फोन केला. "आप्पांचं तोंड बघून दुसरं काय बोलवेना रे. पर पुन्यांदा मला असलं काय करायला लावू नगंस." त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केलेला नाही.

मुलीच्या शाळेला सुट्टी लागणार होती. तिकिटं काढली आणि आप्पांना फोन केला. म्हणालो, येतो, आणि चावडीवर उभा राहून सगळं खरं मीच सांगतो. माझी चूक, ती तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता? आप्पा म्हणाले, "येऊ नगंस. हितं तुझं नाव चांगलं चाललंय."

मी तिकिटं रद्द केली. घर म्हटलं की पूर्वी मला अंगण आठवायचं, आईच्या हातचं दही आठवायचं. आता त्या घरात माझ्या नावाचा एक मुलगा आहे. तो सीमेवर आहे, त्याच्यासाठी आई रोज दिवा लावते, लोक त्याची विचारपूस करतात. मला तिथं जागा उरली नाही. आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा माझा अभिमान वाटतोय, आणि तो टिकायचा असेल तर मी घरी जाता कामा नये.