बदली कामगार, सॉफ्टवेअर खातं

गिरण्यांच्या संपानंतर लालबाग-परळात कुणी दारूने बिघडलं, कुणी मटक्याने, कुणी गावी परतून भाऊबंदकीने. कॉम्प्युटरने बिघडलेला माणूस मात्र अख्ख्या गिरणगावात एकच निघाला आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे माझे भावोजी. मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून ते मला मास्तर म्हणत. हा शब्द ते अशा सुरात उच्चारत की त्यात आदर किती आणि कीव किती, हे मला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करतो आहे, पण भावोजी त्या कामी फारशी मदत करत नाहीत.

भावोजी गिरणीत साचेखात्यात होते, बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी भोंग्याआधी दारावर जाऊन उभं राहायचं. आत कुणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या साच्यावर आजचा दिवस कापड विणायचं, आणि तो उशिरा का होईना उगवला तर मुकाट्याने बाजूला व्हायचं. दिवाळीनंतर तुला कायम करतो, असं जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, त्यांना सांगितलं होतं. त्या आशेवर त्याला घरी बोलावून ताईच्या हातचे कोंबडीवडेही खाऊ घालून झाले होते. दिवाळी झाली, आणि कायम होण्याऐवजी संप झाला. इतरांच्या निदान नोकऱ्या गेल्या. भावोजींची जाण्यासारखीही नव्हती. पण त्या दिवसांनी त्यांना एक सवय लावली ती जन्मभर टिकली. ते कुठेही बसले तरी टोकावर बसत. आमच्या घरची आरामखुर्ची असो, लग्नातला कोच असो, पुढची चार बोटं त्यांची, बाकीची जागा दुसऱ्या कुणाची तरी. आई म्हणायची, "अहो, नीट टेकून बसा की." त्यावर ते म्हणत, "नको, मूळ माणूस आला तर?" चाळीखालचा न्हावी तर त्यांना हात जोडायचा. "काका, जरा मागे सरका. एक दिवस माझ्या हातून तुमचा कान जाईल." भावोजी सरकत, आणि वस्तरा लावला की पुन्हा पुढे येत.

संप लांबत गेला तसे लोक मिळेल ते करू लागले. भावोजींना दादरला एका कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी स्टूल मिळालं. त्या काळी कॉम्प्युटर थंड खोलीत गालिच्यावर देवासारखा ठेवलेला असे आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे. त्या चपला सांभाळणं ही भावोजींची नोकरी. दार काचेचं होतं, त्याला खाली फट होती आणि शिकवणारा ओरडून शिकवणारा होता. एवढ्या भांडवलावर ते सॉफ्टवेअर शिकले. काचेतून बघायचं, फटीतून ऐकायचं, आणि मुलं जेवायला गेली की आत जाऊन करून बघायचं. मध्ये काही दिवस शिकवणाऱ्याचा घसा बसला होता. तेव्हा जे धडे झाले ते भावोजींच्या विद्येत कायमचे गळले. यादीतून एखादं नाव काढून कसं टाकायचं, हा त्यातलाच एक असावा. कारण त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकदा शिरलेला माणूस पुढे कधी बाहेर पडला नाही. शिवाय चपलांची श्रद्धा राहिली ती राहिलीच. पुढे घाणीत, धुळीत, कुठेही कॉम्प्युटर असला तरी ते आधी चपला काढत आणि मगच त्याला हात लावत.

इकडे ताई खानावळ चालवत होती. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती पोळ्या लाटायची आणि भावोजी पोटमाळ्यावर एक जुना कॉम्प्युटर घेऊन विचार करायचे. "ह्यांचं डोकं चालतं, माझे हात चालतात. घर मात्र हातांवर चाललंय," असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची आणि भावोजी वरून ओरडायचे, "गो, आवाज करू नकोस, लूप तुटतो." त्यांनी कार्डं छापून घेतली होती. नावाखाली 'सॉफ्टवेअर डेव्हलपर', त्याखाली शेजारच्या किराणावाल्याचा फोन. फोन आला की किराणावाला खालून हाळी द्यायचा, "ओ सॉफ्टवेअर, येतंय का कोण?" मी एकदा म्हटलं, "भावोजी, रीतसर एखादा कोर्स तरी करा." तर म्हणाले, "मास्तर, पोहायला शिकलेल्याला तू पाण्याचं सर्टिफिकेट विचारतोस." मी त्यांना पोहताना कधी पाहिलं नव्हतं. गटांगळ्या मात्र पुष्कळ पाहिल्या होत्या.

त्यांच्या प्रोग्रॅमचा एक गुण होता. जगातला कुठलाही कारभार घ्या, भावोजी त्यात प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवत: बदली. तो भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. "माणूस आला नाही म्हणून साचा बंद ठेवतात काय?" हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. पहिला प्रयोग चाळीतल्या भजनी मंडळावर झाला. बुवांना बदली, पखवाजाला बदली, झांजेला बदली. चिटणिसाने भाबडेपणाने यादीत विठोबाचंही नाव घातलं, तर यंत्र त्याच्याही बदलीसाठी अडून बसलं. भावोजींनी क्षणभर विचार करून गणपती घातला. बुवांनी त्या एकादशीला भजन म्हटलं ते विठोबाकडे न बघता.

दुसरा प्रयोग दादरच्या एका वधूवर सूचक मंडळात झाला, आणि तो मी प्रत्यक्ष पाहिला, कारण ती ओळख माझी होती. एका मुलीचे वडील आले होते, चष्मा नाकावर, हातात पंचांग. पडद्यावर मुलाची माहिती बघता बघता ते थांबले.

"बाई, हे काय? 'बदली' म्हणून मुलाच्या धाकट्या भावाचं नाव कशाला?"

"मशीन पुढे जात नाही हो त्याशिवाय," संचालिकाबाई हळूच म्हणाल्या.

खुर्चीच्या टोकावर बसलेले भावोजी पुढे झाले. "अहो, ऐन मुहूर्ताला मुलगा नाही उगवला तर? मांडव घातलाय, माणसं जेवायला बसलीत. खातं बंद ठेवणार काय?"

वडील उठून गेले. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. त्यातलं एक लग्न पुढे खरोखरच धाकट्याशी लागलं, असं भावोजी छातीठोकपणे सांगत. मला ते पटलं नाही. ताईने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "तुमची बदली कोण, तेवढं सांगून ठेवा. म्हणजे मी आधीच बघून घेते."

भावोजींचं सॉफ्टवेअर आयुष्यात एकाच ठिकाणी शोभलं. लालबागला मसाला कुटून देणारं एक दुकान आहे. मालकीणबाई नऊवारीतल्या, नुसत्या आवाजाने गल्लीच्या तोंडाशी गिऱ्हाईक थांबवणाऱ्या. कुणाच्या घरच्या मसाल्यात काय किती, हे त्यांना तोंडपाठ असे. वय झालं तशी एकीची मिरची दुसरीच्या धण्यांत जाऊ लागली. भावोजींनी सगळ्या घरांची प्रमाणं यंत्रात भरली, आणि तिथे तो बदलीचा रकाना चक्क कामाला आला. बेडगी नसेल तर काश्मिरी. ही मिरची नसेल तर ती. फक्त दगडफुलाशी यंत्र अडलं.

"दगडफुलाला बदली नसते," मालकीणबाई म्हणाल्या.

"प्रत्येकाला असते," भावोजी म्हणाले.

"मग घाला काय घालायचं ते, आणि तो मसाला तुम्हीच खा."

भावोजी बरेच दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी हार मानून प्रोग्रॅममध्ये एक नवा शब्द घेण्याची सोय केली: कायम. त्या सबंध दुकानात कायम एकटं दगडफूल. रोज सकाळी यंत्र आधी हजेरी विचारी: कोण आलं, कोण नाही, बदली कोण. ते सांगितल्याशिवाय मसाले उघडत नसत. भावोजी स्वतः रोज जाऊन हजेरी लावत, तिखटाने लाल झालेल्या फरशीवर चपला काढून उभे राहत आणि संध्याकाळी पायांची आग आग झाली म्हणून ताईकडून खोबरेल चोळून घेत. स्वतःच्या नावापुढे बदली म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं. "मला कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही," मी म्हटलं. "मला तरी कुठे साचा येत होता? दारावर उभा राहिलो, आला," ते म्हणाले.

मग शतक बदलायची वेळ आली. जगातले कॉम्प्युटर साल चुकतील अशी भीती उठली आणि जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम वाचता येणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. भावोजींना एका कंपनीने बोलावलं. पत्ता त्यांच्याच गिरणीचा निघाला. साचेखात्याची शेड रंगवून, खाली गालिचा आणि वर खोटं छत ठोकून तिथे ऑफिस केलं होतं. मुलाखत घेणाऱ्या पोरसवदा साहेबाने विचारलं, "काका, एक्सपिरियन्स कुठला?" भावोजींनी बोट दाखवलं. "त्या खांबाजवळचा." पहिल्याच दिवशी ते खुर्चीवर चढले आणि छताची फळी सरकवून वर बघू लागले. साहेब धावत आला. "वर आमचं छप्पर आहे की नाही, बघत होतो. आहे," असं सांगून भावोजी खाली उतरले आणि खुर्चीच्या टोकावर बसून कामाला लागले.

त्या महिन्यांत ते सकाळी दुकानाची हजेरी लावून मग ऑफिसला जात, आणि त्यांचा तोरा काही विचारू नका. माझ्या घरी येऊन ते माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे गोदामाकडे बघावं तसं बघत. एकच गोष्ट त्यांना हवी होती आणि ती मागायला ते सणाची वाट बघत होते. दिवाळी झाल्यावर त्यांनी साहेबाला विचारलं, "साहेब, कायम कधी करणार?" साहेब हसला. "काका, इथे कुणीच कायम नसतं. मीपण नाही." भावोजी थेट माझ्याकडे आले. मला वाटलं, खचले असतील. ते कळवळले होते ते दुसऱ्याच गोष्टीने. "त्या पोराचं लग्न ठरलंय, मास्तर. तो बदली आहे, हे मुलीकडच्यांना माहीत तरी असेल काय?" नवं साल उजाडलं. भावोजींच्या कामामुळे म्हणा किंवा देवाच्या कृपेने म्हणा, काही बिघडलं नाही, आणि महिनाअखेरीस त्यांना निरोप मिळाला. "काम चुकलं म्हणून काढतात ते ऐकलं होतं," ते म्हणाले. "काही बिघडलं नाही म्हणून काढलेला मी पहिलाच. जागा तीच, हुद्दाही तोच." त्या दिवशी मी थट्टा केली नाही.

ते पुन्हा पूर्णवेळ मसाल्याच्या दुकानात परतले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. गेल्या उन्हाळ्यात, ऐन मिरच्यांच्या दिवसांत, त्यांना परळच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मी भेटायला गेलो तर तिथेही ते खाटेच्या कडेला, आता पडतील की मग अशा बेताने निजलेले. नर्स कातावली होती. "आजोबा, मध्ये सरका ना!" भावोजींनी मला जवळ बोलावलं. दुखण्याबद्दल नाही, डॉक्टरबद्दल नाही. "मास्तर, दुकान उघडलं असेल. बाया रांगेत असतील. जा तू."

"अहो, मला काय येतं त्यातलं?"

"चपला काढ. हजेरी विचारील. मला गैरहजर लाव, बदलीत स्वतःला लाव. पुढचं ते करतं."

मी गेलो. चपला काढल्या. तिखट तळव्यांना झोंबत होतं. हजेरी लावली आणि यंत्राने शहाण्यासारखे मसाले उघडले. दुपारी मालकीणबाईंनी विचारलं, "कसे आहेत?" मी जे होतं ते सांगितलं. त्या आपल्या सुनेला म्हणाल्या, "त्यांच्या नावापुढे मास्तर आहेत ते असू दे. पण दगडफुलापुढे जे लिहिलंय ना, तेही लिही." सुनेने लिहिलं: कायम.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. भावोजींनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी तिरकस येईल.

"मालकीण म्हणाली?"

"त्यांनीच."

"मग मी रजेवर, मास्तर," ते म्हणाले. "बदलीला रजा नसते." आणि ते हळूहळू, कण्हत, खाटेच्या मधोमध सरकले. ताईने उशी नीट केली. तिच्या ओठांवर एक टोमणा आलेला मला दिसला. तिने तो गिळला.

ते गेले, आणि आता पुन्हा मिरच्यांचे दिवस येऊन भिडले आहेत. मी शाळेतून कधीच निवृत्त झालो आहे, तेव्हा सकाळी लालबागला जातो. सून म्हणते, नवं यंत्र घेऊ या, ह्याच्यात गेलेल्या माणसाचं नावसुद्धा काढता येत नाही. मी म्हणतो, एवढा हंगाम जाऊ दे. मग चपला काढतो, भावोजींना गैरहजर लावतो, बदलीत स्वतःचं नाव घालतो आणि बसतो.

"मास्तर, टेकून बसा की नीट," मालकीणबाई गल्ल्यावरून ओरडतात.

मी हो म्हणतो, आणि टोकावरच बसून राहतो.