आत्याचे बटाटे, गोलकीपरचे झेल

एका दैनिकाच्या क्रीडा विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर आमचा एक मित्र बसतो. सगळे त्याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. बातमीच्या वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असं छापलेलं असतं ना, तो प्रतिनिधी म्हणजे हाच. सव्वीस वर्षांत त्याचं स्वतःचं नाव पेपरात आलं ते चार वेळा, त्यातही एकदा चुकीचं. घरीसुद्धा बायको रागावली की म्हणते, “प्रतिनिधी, दूध उतू गेलंय. बातमी द्या.”

पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. एका नामांकित गोलकीपरचं सदर दर रविवारी छापून यायचं. ते हा लिहायचा. गोलकीपर म्हणजे साडेसहा फुटांचा भला माणूस. चेंडू अडवायचा तसेच शब्दही अडवायचा. सामना झाला की प्रतिनिधी फोन करायचा.

“काय वाटलं, कॅप्टन?”

“जिंकलो. बरं वाटलं.”

“आणि?”

“आणि काय? गवत ओलं होतं.”

एवढ्या भांडवलावर प्रतिनिधी सातशे शब्द उभे करायचा. गोलकीपरकडे आठवणी नव्हत्या, म्हणून यानं स्वतःच्या दिल्या. आधी अंधाराची भीती दिली. मग शेजाऱ्यांचा लंगडा कुत्रा दिला. शेवटी द्यायला काही उरेना, तेव्हा सख्खी आत्या देऊन टाकली.

ही आत्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायची. प्रतिनिधी लहानपणी शाळा सुटली की तिच्याकडे जायचा. ती डावा डोळा मिटून, पोत्यातला एकेक बटाटा त्याच्याकडे भिरकावायची. झेलला तर टोपलीत. सुटला तर सोलायचा. प्रतिनिधीनं लहानपणी किती बटाटे सोलले असतील, याचा अंदाज त्याच्या पोटाकडे बघून येणार नाही, पण बोटांकडे बघून येतो. सदरात मात्र गोलकीपरनं सगळे बटाटे झेलले. वाचक खूश, गोलकीपर खूश. वर्षातून एकदोनदा ते बटाटे पुन्हा हवेत उडायचे.

पुढे जमाना बदलला. क्रीडा पानं दोनाची अर्धी झाली, सदर बंद पडलं. खेळाडू आता सामन्यानंतर वार्ताहरांसमोरून झपाझप निघून जातात. “सगळं पॉडकास्टमध्ये सांगणार आहे, ऐका!” ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा माइक. प्रतिनिधी घरी बसून ते ऐकतो आणि त्याची बातमी करतो. पूर्वी त्याचे बूट झिजायचे, आता कान झिजतात. तक्रार नाही हं त्याची. “पाय दुखायचे थांबले,” म्हणतो.

निवृत्त गोलकीपरनंही पॉडकास्ट काढला. पहिले पाच भाग म्हणजे “जिंकलो, बरं वाटलं” याचेच पाच प्रकार. ऐकणाऱ्यांनी कळवलं, ‘तुमचं सदर किती बहारदार असायचं! तसं बोला ना.’ सहाव्या भागात तो बोलला. बटाटे फेकणाऱ्या, डावा डोळा मिटणाऱ्या आत्याबद्दल बोलता बोलता त्यानं दोनदा नाक शिंकरलं. यात ढोंग अजिबात नव्हतं. वीस वर्षं दर रविवारी स्वतःचं बालपण पेपरात वाचल्यावर कुणालाही ते आठवायला लागेल.

घोटाळा असा, की आत्या हयात आहे. वय एक्क्याऐंशी. भाच्याच्या धंद्यातलं म्हणून ती झाडून सगळे पॉडकास्ट ऐकते. ऑफसाइड तिला आमच्यापेक्षा चांगला कळतो. सदर मात्र तिनं कधीच वाचलं नव्हतं. “ते खेळाडू कुठं स्वतः लिहितात!” म्हणून.

दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधीला बोलावणं आलं. चहा नाही, ‘बस’ नाही.

“त्या उंच माणसाची आत्या डावा डोळा मिटते म्हणे. डावा डोळा मी मिटते! चोरलं ना त्यानं?”

“चोरलं नाही गं, आत्या. मीच दिलं.”

“का?”

“त्याच्याकडे काहीच नव्हतं.”

“अगंबाई! दानशूर! आणि तुझ्या नावानं माझ्यावर एक ओळ तरी लिहिलीस का रे?”

“माझ्या नावानं मी कशावरच लिहीत नाही.”

“मी काय विचारलं?”

“नाही लिहिली.”

आत्यानं पदर खोचला. मग म्हणाली, “मला माझे बटाटे परत पाहिजेत. जिथं गेले, तिथूनच.”

आता आली का पंचाईत! कॅप्टनला उघडं पाडायचं, की आत्याला तसंच दुखावलेलं ठेवायचं? प्रतिनिधी दोन दिवस नीट जेवला नाही, यावरून परिस्थितीचं गांभीर्य ओळखा. तिसऱ्या दिवशी तो गोलकीपरच्या घरी गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

गोलकीपर थक्क. “ती आत्या तुझी? मग माझी कोण?”

“तुम्हाला तीन काका आहेत, कॅप्टन. आत्या नाही.”

“नक्की?”

“मी विचारून घेतलं होतं.”

“आणि तो लंगडा कुत्रा?”

“आमच्या शेजाऱ्यांचा.”

गोलकीपर जरा वेळ उदास झाला; कुत्र्याचं त्याला जास्त लागलं असावं. मग त्यानं मांडीवर थाप मारली. “बोलाव त्यांना. माइकसमोरच माफी मागतो. तूही ये.”

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गोलकीपरच्या घरातली मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेली. आत्या पिशवीभर बटाटे आणि सोलायची सुरी घेऊनच आली. गोलकीपरनं सगळी हकिकत सांगितली, वाकून माफी मागितली.

आत्या म्हणाली, “माफी राहू दे. झेल.”

आणि तिनं डावा डोळा मिटला.

पहिले पाच गोलकीपरनं झेलले. गुडघे वाजलेले माइकवर स्वच्छ ऐकू येतात. सहावा त्याच्या बोटांना लागून सतरंजीवर गडगडत गेला. प्रतिनिधीचा हात सवयीनं सुरीकडे गेला.

“तू ठेव ती,” आत्या म्हणाली. “ज्याचा सुटला, त्यानं सोलायचा. तू बोल.”

प्रतिनिधी माइककडे सरकला. “कॅप्टनना त्या वेळी असं वाटलं, की...”

“कॅप्टनला काय वाटलं ते मरू दे. तुला काय वाटलं?”

प्रतिनिधीनं घसा खाकरला, आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आणि मग जो सुटला तो चाळीस मिनिटं थांबला नाही. वसतिगृहाचं स्वयंपाकघर, पोतं, टोपली, सगळं आलं त्यात. आत्या डोळे मिटून ऐकत होती, या वेळी दोन्ही. मध्ये फक्त एकदाच तिचा आवाज येतो, तोही गोलकीपरसाठी.

“पातळ काढ रे! अर्धा बटाटा सालीत चाललाय.”