पत्रकावर छापलेला मी

निमोण्याच्या स्टँडवर मला सोडायला अर्धी आळी आली होती. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागलो होतो, आमच्या भावकीतली पहिली पर्मनंट नोकरी. वडील लहानपणीच गेलेले. आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि तिची धाकटी जाऊ, आमची काकी, तिच्यावर ओरडत होती, "अक्का, पोरगं दौंडला चाललंय, दुबईला न्हाई!"

दौंडला खोली घेतली. महिन्याभरात तोंडात सेकंड शिफ्ट, बॅच, रिलीव्हर असले शब्द बसले. बिहारी हेल्परशी हिंदी आणि साहेबांशी पुस्तकी मराठी बोलू लागलो. सुट्टीला गावी गेलो की काकी माझ्या शर्टाचा वास घेऊन म्हणायची, "औषधाच्या बाटलीत ऱ्हातोस का काय रं?"

पुढे लग्न झालं, मुलं झाली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मी, बायको आणि मुलं होतो. आई नव्हती. तिच्या वयाकडे बघून मला धास्ती वाटायची. दोन हजार सालानंतर कंपनीच्या गेटवर टाय लावलेली माणसं पत्रकं वाटायला लागली. 'एकदाच पैसे भरा, आईवडिलांचे सर्व उपचार आयुष्यभर मोफत!' मी आईसाठी कार्ड घेतलं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती दिसली नाहीत असं नाही. पण त्या टायवाल्यापुढे 'मला इंग्रजी येत नाही' म्हणायची लाज वाटली. मग तो म्हणाला, "साहेब, रेकॉर्डसाठी एक फोटो." साहेब म्हटल्यावर मी हेल्मेट सरळ केलं आणि ऐटीत उभा राहिलो. अक्कल गहाण टाकायला एवढं पुरलं.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी काकी दारात उभी. चेहरा पांढराफटक. कित्येक दिवस अंगावरून रक्त जात होतं, थांबत नव्हतं. शिरूरच्या डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली होती, आणि उशीर केला तर जिवावर बेतेल असंही सांगितलं होतं. "घाबरू नगं," तीच मला म्हणाली, "कार्ड हाय की." आणि तिने तसलंच कार्ड काढून दाखवलं.

तिला घेऊन मी कार्डावर नाव असलेल्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटून बघितलं. "मावशी, याच्यावर तपासणीच्या फीमध्ये सूट मिळते. ऑपरेशन यात नाही. हा विमाच नाही."

काकी हसली. "आसं कसं? आमच्या राजूनं सांगितलंय." तिने पिशवीतून पत्रक काढलं, घडी उलगडून काउंटरवर ठेवलं.

हेल्मेट घातलेला मी! खाली माझं नाव, गाव आणि ठळक अक्षरांत, 'माझ्या आईचं मोठं ऑपरेशन एक रुपयाही न देता झालं.'

मी असलं एक अक्षर बोललो नव्हतो. आईचं तर जन्मात ऑपरेशन झालेलं नाही. कार्ड घेतल्यापासून माझं गावी जाणं झालं नव्हतं. मग कळलं, हे पत्रक आमच्या आळीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवरही लावलेलं होतं आणि ते बघून सगळ्या आळीने कार्डं घेतली होती. आईला वाचता येत नाही. फोटो बघून ती खूश होती.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी चिडून म्हणालो, "काकी, तुमची भिंतीला भिंत. आईचं ऑपरेशन झालं असतं तर तुला कळलं नसतं?"

ती खाली बघत म्हणाली, "तू छापून दिलंय म्हंजी झालंच आसंल. मला वाटलं, अक्कानं माझ्यापासनं लपिवलं. दोन म्हैने बोलले न्हाई मी तिच्याशी."

बाकावर बसून मी रडलो.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचे दिवस अजून विसरता येत नाहीत. ऑपरेशन झालं, काकी वाचली. आई तिच्या उशाशी बसून होती. टायवाल्याच्या ऑफिसला कुलूप होतं. विहारात सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं, मी फसलो आणि माझ्या फोटोनं तुम्हीही फसलात. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर आईसाठी सरकारी विमा कंपनीच्या शाखेत गेलो. "काय मिळतं ते राहू द्या, काय मिळत नाही ते मराठीत सांगा," असं म्हणालो. जुना आजार सुरुवातीची काही वर्षं धरत नाहीत, हप्ता दरवर्षी भरावा लागतो, असं तिथल्या माणसाने नीट समजावलं. जाहिरातीपेक्षा ते फारच कमी वाटलं, पण हप्ता झेपणारा होता आणि जे होतं ते खरं होतं. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीही एवढंच विचारा.

आता दौंडला माझं स्वतःचं घर आहे. इथे मी कोण, हे सिद्ध करायलाही कागद लागतात. निमोण्यात मात्र आईच्या भिंतीपलीकडची काकी माझ्या नावावर छापलेलं एक वाक्य वाचून स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवते. घर म्हणतो ते मी त्यालाच, आणि तिथे काही बोलायची मला अजून भीती वाटते.