जवसाच्या तेलावरची पावलं

नौपाड्यात एका दुमजली घराच्या माडीवर सुमतीबाईंचा संसार होता. दोन खोल्या, एक लांबट गॅलरी, आणि पायाखाली जुन्या सागवानी फळ्यांची जमीन. तक्तपोशी म्हणायचे तिला. दुपारी गॅलरीतलं ऊन आत सरकलं की ती जमीन मधासारखी दिसायची आणि घरभर एक गुंगी पसरायची. अशा वेळी सुमतीबाईंना वाटायचं, आपण घरात नाही, कुठल्या तरी संथ पाण्यावर बसलो आहोत.

त्यांचे यजमान हरिहरपंत कल्याण स्टेशनात तारबाबू होते. काचबिंदूने चाळिशीतच त्यांची दृष्टी नेली आणि नोकरीही गेली. तेव्हापासून घर चालवलं सुमतीबाईंनी, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून. सकाळी त्या गेल्या की दुपारपर्यंत हरिहरपंत एकटे, आणि अगदी खुशाल एकटे. काठी नाही, भिंतीला हात नाही. अनवाणी पायांना सगळी जमीन पाठ होती. दाराजवळचा झिजलेला खळगा म्हणजे ठाणं, लाकडाच्या गाठीचा उंचवटा म्हणजे मुंब्रा, दोन फळ्यांमधली रुंद फट म्हणजे दिवा. स्वयंपाकघराचा उंबरा आला की कल्याण. "अगं, दिवा सोडलं, चहा टाक," असं ओरडत ते यायचे, आणि गाडी वेळेवर आली म्हणून सुमतीबाई त्यांना शाबासकी द्यायच्या. लग्नाला वीस वर्षं झालेली माणसं असली पोरकट चेष्टा करतात, यावर खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईंचा विश्वास बसत नसे.

स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली असतील. त्या आषाढात एक फळी उकलली आणि तिचं कुसळ हरिहरपंतांच्या तळव्यात घुसलं. पाय पिकला, ठणकला, ताप आला. सुमतीबाई रात्रंदिवस शेकत बसल्या. पाय बरा झाला, पण त्यांच्या मनातून ती जमीन उतरली ती उतरलीच. तिचा काय तो बंदोबस्त करायचा, असं त्यांनी घेतलं मनावर.

पॉलिश करणारा दौलत कळव्याहून आला. फळ्यांवरून हात फिरवून खूश झाला.

"बाय, काय लाकूड हाय! रंधा मारून वार्निश लावतो. तोंड दिसंल यात."

"तोंड बघणारं कोण आहे घरात?" सुमतीबाई म्हणाल्या. "पाय घसरणार नाही, असं काय आहे ते सांगा."

त्यांनी त्याला गॅलरीत तीन सुट्या फळ्या रंगवायला लावल्या. एकीवर व्हार्निश, एकीवर मेण, एकीवर जवसाचं तेल. मग पदर खोचून, पाय ओले करून त्या फळ्यांवर चालू लागल्या. दौलतने भिंतीकडे तोंड फिरवलं, हसू दाबायला. व्हार्निशवर त्यांचा पाय सटकला, मेणावर त्या पडता पडता वाचल्या. तेलाच्या फळीने मात्र पाय धरून ठेवला.

"तेलच लावतो मग," दौलत म्हणाला. "कढवताना मुर्दाडशिंग टाकतो, म्हंजे लवकर वाळतं."

"मुर्दाडशिंग म्हणजे शिसंच ना? विषारी असतं ते."

"थोडं असतं. जमीन कोण चाटतंय?"

"आमचे हे खाली बसून चुरमुरे खातात. सांडलेले चाचपून तोंडात टाकतात. मला नको ते."

"मग वाळायला वेळ लागंल बाय. पावसाळा हाय. चिकट राहील."

"राहू दे."

इतका बारीक विचार करून काम झालं. रंध्याखाली फळ्या सपाट झाल्या, फटी बुजल्या, गाठी उतरल्या, वरून नुसतं तेल चढलं. जमीन अशी दिसू लागली की सुमतीबाई दारातच थांबून बघत राहिल्या.

मग त्यांनी हरिहरपंतांना हाताला धरून आत आणलं आणि हात सोडला. ते दोन पावलं चालले, थांबले, पायाने इकडेतिकडे चाचपलं, पुन्हा चालले आणि ट्रंकेवर जाऊन आदळले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हे कुणाचं घर?"

सुमतीबाई त्यांना सावरायला धावल्या. घसरण्याची एवढी काळजी वाहिली, पण माणूस हरवेल हे मनातच आलं नव्हतं. मुंब्रा नाही, दिवा नाही, सगळी जमीन एकसारखी. हरिहरपंतांनी चालणंच सोडलं. ते खुर्चीत बसू लागले. सकाळी सुमतीबाई शाळेत जाताना ते जसे बसलेले असायचे, तसेच दुपारी परत आल्यावर. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेलाच. हे असंच राहिलं तर नोकरी सोडून घरी बसावं लागेल, आणि नोकरी सोडली तर खायचं काय, हे सुमतीबाईंना शिवणाच्या प्रत्येक टाक्याला आठवायचं.

भाद्रपदात गौरी आल्या. जमीन अजून ओशट होती, पण गौरीला थांब कसं म्हणणार? सुमतीबाईंनी रीतीप्रमाणे रांगोळीने तिची पावलं काढली. दारातून आत, बाहेरच्या खोलीतून कॉटपाशी, कपाटापाशी, स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशी. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. गंगुबाईंनी घंटा वाजवली, घरात तेवढ्यापुरता आनंद झाला.

विसर्जनानंतर सुमतीबाई पावलं पुसायला बसल्या, तर निघेनात. काथ्याने घासलं तरी नाही. रांगोळी त्या न वाळलेल्या तेलात रुतून बसली होती. दौलत बोलावल्यावर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "पुन्ना रंधा मारायला लागंल. उद्या येतो." तो गेल्यावर सुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या आणि मनसोक्त रडल्या.

रडता रडता त्यांना आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र. वळून बघतात तर उंबऱ्यात हरिहरपंत उभे, भिंतीला हात न लावता.

"खाली काय आहे गं? एकामागून एक खरखरीत लागतंय. त्याच्या मागे मागे आलो."

"गौरीची पावलं आहेत हो."

"मला वाटलं, तू माझ्यासाठी काढलीस."

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण सुमतीबाईंनी मान हलवली, आणि त्यांना ते दिसत नाही हे आठवून म्हणाल्या, "नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही तसं."

हरिहरपंत हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "पण ही सगळी आतच येतात. गॅलरीत जायचं तर कसं जाऊ?"

खरंच होतं. गौर घरात येते. बाहेर जाणारी पावलं कुणी काढत नाही, घरातली लक्ष्मी जाते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दौलत रंधा घेऊन आला, तर सुमतीबाईंनी त्याला रंधा पिशवीतच ठेवायला लावला आणि कॉटपासून गॅलरीपर्यंत तेलाचा एक नवा पट्टा ओढून घेतला. मग हरिहरपंतांना त्या ओल्या तेलावर पाऊल टेकवायला सांगितलं. त्यांनी पाऊल उचललं की त्या ठशात चिमटीने रांगोळी भरायची, मग पुढचं पाऊल. सुमतीबाईंचा हात हरिहरपंतांच्या घोट्यावर होता. ऊन आत येत होतं, जवसाचा जड गोडसर वास कोंदला होता, आणि दोघं एकेक वीत पुढे सरकत होती.

गंगुबाई वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई, सुमती! बाहेर जाणारी पावलं काढतेस? लक्ष्मी जाईल ना घरातून!"

"लक्ष्मीची नाहीत ती," सुमतीबाई मान वर न करता म्हणाल्या. "आमच्या ह्यांची आहेत. यांना बाहेर जायचंय." आणि त्यांनी पुढच्या ठशात रांगोळी सोडली.