भात सोडला, बांगडा धरला

मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. सुईत दोरा ओवला जात नव्हता, एवढंच. अकोल्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या मॅडमनी थेंब टाकले, दिवा मारून आत बघितलं, परत बघितलं आणि विचारलं, "बीपीची गोळी कोणती चालू आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, मी डोळे दाखवायला आलेय."

"डोळ्यांतच दिसतंय, ताई."

नर्सने दंडाला पट्टा आवळला. आकडा बघितला, पट्टा सोडला आणि परत आवळला.

हायपरटेन्शन, म्हणजे रक्ताचा दाब कायमचा वाढलेला. त्या दाबाने रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली होती. उजव्या डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके पडले होते. मला ना चक्कर, ना डोकेदुखी. वय चाळिशीच्या आत. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दाब असाच राहिला तर नजर जाऊ शकते."

मी साड्यांना फॉल-पिको करून देते. शाळा आठवीतच सुटली. डोळे गेले तर माझ्या हातात दुसरं काहीच नाही. परतताना एसटीतून, आमच्या मूर्तिजापूरला उतरेपर्यंत, मी डावा डोळा झाकून उजव्याने दुकानांच्या पाट्या वाचत होते. वाचता येतात की नाही, तेवढंच बघत होते.

मी मूळची मालवणकडची. आमचे हे रेल्वेच्या कामावर कोकणात आले होते, तेव्हा लग्न जमलं आणि मी वऱ्हाडात आले. माहेर इतकं लांब की वर्षाआड जाणं होतं. पण आईची पिशवी न चुकता येते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती.

बीपीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. वजन जास्त होतं, साखरही काठावर होती. ते म्हणाले, "कार्ब कमी करा. म्हणजे भात, पोळी, साबुदाणा, आलू, गोड. पोट भरायला डाळ, भाजी, अंडी, मासोळी घ्या. मीठ कमी. पापड, लोणचं, नमकीन एकदम बंद."

घरी येऊन मोबाईलवर लो कार्बचे व्हिडिओ बघितले. त्यातल्या बाया बदाम, पनीर, कसलं कसलं तेल दाखवत होत्या. आमच्या घरात ते जमण्यासारखं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "चून खाय. दोन पोया खाते तिथं एक खाय."

माझ्या माहेरी चून म्हणजे मोदकातलं गूळखोबरं. इथे चून म्हणजे बेसनाचं पिठलं. लग्नानंतर पहिल्यांदा ताटात पिवळं चून आलं तेव्हा मी रडायचीच राहिले होते. आता ते आवडतं. पण रोज किती खाणार?

तेवढ्यात आईची पिशवी आली. सुका बांगडा.

मला वाटलं, देवच धावून आला. मासोळी चालेल असं डॉक्टर स्वतः म्हणालेले. भात नाही, पीठ नाही, साखर नाही, आणि विकत घ्यायचंही नाही. तव्यावर भाजायचा, वर कांदा चिरायचा, जोडीला अंबाडीची भाजी नाहीतर पातळ वरण. भाताशिवाय मासा माझ्या जन्मात पहिल्यांदा खाल्ला. सकाळी एक, संध्याकाळी एक. भाजीत मीठ चिमूटभर, तेही पोरांसाठी.

सासूबाई पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसायच्या. "अव माय, अख्खा समुद्र घरात आनला काय वं सूनबाई!" माझं वजन उतरायला लागलं तशा एकदा म्हणाल्या, "तू त्या मासोयीले खाऊन रायली, का थे तुले खाऊन रायली?" आम्ही सगळे हसलो. मीही.

महिन्याने तपासणीला गेले ती नवी साडी नेसून. ब्लाऊज सैल झाला होता. डॉक्टर शाबासकी देतील असं मनात धरून बाकावर बसले होते.

वरचा आकडा दोनशेच्या पुढे निघाला. आधीपेक्षा जास्त.

मी पट्ट्याकडे बघतच राहिले. मशीन बिघडलंय असं वाटलं. डॉक्टरांनी दुसरं मशीन आणलं, दुसरा हात घेतला. तेच. त्यांनी मला तिथूनच ॲडमिट केलं.

"गोळ्या चुकवल्या?"

"एकही नाही, सर."

"मीठ?"

"भाजीत चिमूटभर. पोरांची शपथ."

त्यांनी सोबत आलेल्या यांच्याकडे बघितलं. यांनीही मान हलवली. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांना माझं पटलं नाही हे मला दिसलं. किडनीची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं ठीक. ठीक म्हटल्यावर माणसाला बरं वाटतं. मला उलट जास्त भीती वाटली. मग हे येतंय कुठून? उजव्या डोळ्यापुढे आता धुकं धरल्यासारखं झालं होतं. समोरच्या खाटेवरची बाई दिसायची, तिचा चेहरा दिसायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे डबा घेऊन आले. मीच निरोप दिला होता, दवाखान्याची खिचडी मला नको, तांदूळ असतो त्यात, माझंच पथ्याचं आणा. झाकण उघडलं आणि वास वॉर्डभर गेला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "काय मेलं वं इथं?"

त्याच वेळेला डॉक्टर राउंडला आले. डब्यात डोकावले. "हे काय आहे?"

"सुका बांगडा, सर. भात पार सोडलाय. दोन्ही वेळेला हाच खाते."

"आमच्या अंजनगावला हा मिळत नाही. सुकवतात कसा?"

कुणीतरी माझ्या गावचं काही विचारलं याचा मला इतका आनंद झाला की मी सगळं सांगायला बसले. "ताजा बांगडा पाठीतून चिरायचा, साफ करायचा. मग खडे मीठ घ्यायचं, मुठीमुठीने आत भरायचं. एक थर माशांचा, एक थर मिठाचा, असं पिंपात..."

माझी नजर डब्यातल्या बांगड्यावर गेली.

लहानपणी हे मी स्वतः केलंय. मिठाने बोटांची सालं निघायची. आणि महिनाभर मी भाजीत चिमूट मोजत होते! बांगडा खारट आहे हे जिभेला कळत होतं, पण माझ्या लेखी तो मासा होता, मीठ नव्हतं. बांगडा म्हणजे घर. घराने अपाय होईल असं कुणाच्या डोक्यात येतं?

डॉक्टरांनी डब्याचं झाकण हळूच लावलं. म्हणाले, "चूक माझीही आहे. मासोळी म्हटलं तेव्हा कोणती ते सांगायला पाहिजे होतं. तुम्ही ऐकलं, ताई. माझ्या पेशंटमध्ये इतकं कोणी ऐकत नाही." माझ्या डोळ्यांना धार लागली. समोरचं आधीच धूसर होतं, ते पार पुसून गेलं.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. सांगावं की नको, कळत नव्हतं. सांगितलं. आई म्हणाली, "बाय, माझ्याच हातान मीठ भरलंलं गो. आता तुका काय धाडू?"

गोळ्या बदलल्या, दाब हळूहळू उतरला. घरी आले तेव्हा सासूबाईंनी पापडाचा डबा आणि लोणच्याची बरणी जावेकडे पोचवून दिली होती. स्वतःसुद्धा बिनमिठाचं जेवायला लागल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुले एकटीले बेचव खाऊ देऊ काय? चूप बस." आता आमचं पथ्य साधं आहे. तुरीचं घट्ट वरण, मोड आलेली मटकी, अंडं, बाजारात स्वस्त असेल ती पालेभाजी, अर्धी भाकर. चवीला लिंबू, लसूण, हिरवी मिरची.

काही महिन्यांनी अमरावतीला रेटिनाच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. सूज उतरली होती. एक ठिपका राहील म्हणाले. राहू दे. त्या ठिपक्यासकट मला पाटी वाचता येते आणि सुईत दोरा जातो, थोडा उशिरा.

हे वाचणाऱ्या बायांनो, गोळी सोडू नका, आणि डॉक्टरांना पिशवीतलं सगळं सांगा. तुमच्याकडे बांगडा नसेल. वाळवणाच्या खारोड्या असतील, कुरडया असतील, बहिणीने दिलेलं लोणचं असेल. मायेने आलेल्या वस्तूत मीठ किती, हे आपण कधी विचारतच नाही.

मधे आईची पिशवी आली. उघडण्याआधी मी ती हुंगून बघितली. आत तिरफळं होती, आमच्याकडे माशाच्या कालवणात घालतात ती, काळपट, वाळलेली. आईने फोनवर सांगितलं, "त्येका मीठ लावूक लागणा नाय."

मी ती तुरीच्या वरणात टाकली. सासूबाईंनी घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अव माय! जीभ झिनझिन करून रायली वं!"

मग वाटी पुढे केली. "वाढ अजून."